मीठ कमी

“वाघ तर दिसला नाही. चला, ही तरी दिसली.”

तो माणूस असं म्हणाला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकीत होते. मोहर्लीच्या गेटातून सकाळची सफारी करून आलेली मंडळी होती. डोक्यावर टोप्या, गळ्यात दुर्बिणी, अंगात मातकट कपडे, वाघाने ओळखू नये म्हणून. वाघाने ओळखलं नाही आणि भेटही दिली नाही. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि मोबाईल वर धरले. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. म्हणाली, “अहो, ऐकू जाईल तिला.”

तो म्हणाला, “तिला काय कळतंय?”

मला कळत होतं. कधी उशिरा कळतं, कधी नको इतकं कळतं. कळलेलं तोंडावर दिसत नाही, एवढाच माझा गुन्हा. तोंड कोरं राहतं. लोकांना वाटतं, तोंड कोरं म्हणजे आतही कोरं.

तेवढ्यात घंटा वाजली. भोजनालयाच्या मालकीणबाईंनी, आम्ही त्यांना ताई म्हणायचो, माईक हातात घेतला. “मंडळी, जेवणाला बसण्याआधी आपल्या खास मुलांसाठी एकदा जोरदार टाळ्या!”

टाळ्या झाल्या. रोज व्हायच्या. प्रत्येक पंगतीआधी. टाळ्यांनी माझं डोकं फुटतं. खरंच दुखतं, दाताला थंड पाणी लागावं तसं, फक्त पूर्ण डोक्यात. माझी माय देवाच्या वातीसाठी ठेवलेल्या कापसाचे दोन बोळे रोज माझ्या डब्यात द्यायची. मी ते कानात घालायची. तरी टाळी आत घुसायचीच. मग मी डोळे मिटायची आणि पुढे-मागे डोलायची. ताई माईकवर सांगायच्या, “बघा, कौतुक केलं की किती खूश होतात!”

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. ‘खास मुलं’ म्हणजे आम्ही दोघी. मी, आणि शशिकला. शशिकला चाळिशीची. तिला तिथं सगळे बेबी म्हणायचे.

मी अशी का, ते सांगते. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. लहानपणापासून मी हलते. बसल्या जागी पुढे-मागे. कुणी डोळ्यात बघितलं की नजर वळवते. भाताला डाळ लागलेली चालते, पण भाजीचा रस्सा भाताकडे आला की जेवण संपलं. एकच डबा रोज लागतो. आवाज जास्त झाला की मनगट चावते. गावात याला नाव नव्हतं. कुणी बाहेरचं म्हणायचं, कुणी येडपट म्हणायचं. शाळेत गुरुजींनी वेगळा उपाय काढला. तिसरीत होते. माझ्याच वेणीची लाल रिबीन सोडली आणि माझे हात बाकाला बांधले. म्हणाले, “आता हल बघू.” वर्ग हसला. मी हलले. बाक हललं. मग वर्ग अजून हसला. दुपारी माय मला न्यायला आली, तिने रिबीन सोडली आणि मला घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशीपासून मी शाळेत गेले नाही.

माझी माय लग्नाकार्यात लंबी रोटी करायला जाते. आमच्याकडे ही रोटी नसेल तर कार्य झालं असं कुणी मानत नाही. गव्हाची कणीक पातळसर भिजवायची, मग परातीत आपटायची. आपट, ओढ, परत आपट. तासभर. कणकीला ताण आला की गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवायचा, तो हातभर लांब होतो, आणि चुलीवर पालथं घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकायचा. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर शिजते. शाळा सुटली त्या दिवशी मायने माझ्यापुढे परात ठेवली.

“हलाचंच हाय नं तुले? मंग कनकीसंग हल.”

मी हलले. पुढे गेले की कणीक आपटायची, मागे आले की ओढायची. पहिल्यांदा माझ्या हलण्याला कुणी हसलं नाही. त्यातून रोटी निघाली. दोन वर्षं जळक्या निघाल्या, फाटक्या निघाल्या, मायने हातावर उलथनंही मारलं. पण पुढे माझी रोटी मायच्या रोटीसारखी झाली. घडीसुद्धा तिच्यासारखी. ही घडी लक्षात ठेवा. लंबी रोटीची एक कड पातळ येते, एक जाड. पातळ कड हवेला राहिली की पापडासारखी वाळते. म्हणून माय ती आत दुमडते आणि जाड कड वर ठेवते. बाकी बायका अर्ध्यावर अर्धी घालून मोकळ्या होतात. मायला ते चालत नाही, मलाही नाही.

पुढे चंद्रपूरला एका तपासणी शिबिरात डॉक्टरीणबाईंनी मला तासभर बघितलं आणि ऑटिझम असं नाव सांगितलं. सर्टिफिकेट मिळालं. बाबांनी ते सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलं. आमच्या घरात महत्त्वाचे कागद त्या पिशवीत असतात, म्हणजे मी पहिल्यांदा महत्त्वाची झाले.

त्या कागदावरच मला काम मिळालं. ताई नागपूरच्या. रस्त्याला लागून त्यांनी भोजनालय काढलं, गेरूने भिंती सारवल्या, वर वारली चित्रं काढली. आमच्या भागात वारली कुठून आले ते त्यांनाच ठाऊक. दारावर मोठा बोर्ड: ‘येथे खास मुलांच्या हातची लंबी रोटी मिळेल.’ ताई आमच्या घरी आल्या, मातीत बसल्या, मायच्या हातचा चहा प्यायल्या. म्हणाल्या, “या मुलांना दया नको, संधी हवी.” बाबांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझंही मन भरून आलं. मी पहिल्यांदा घराबाहेर कामाला जाणार होते.

आणि ताई काही राक्षस नव्हत्या. हेच तर अवघड आहे. मला पंख्याचा आवाज सहन होत नाही म्हणून माझ्या कोपऱ्यातला पंखा बंद ठेवायला लावला. पगार एक दिवसही उशिरा दिला नाही. कुणी मला ओरडायचं नाही असा सगळ्यांना दम होता. मला एप्रन दिला, त्यावर छातीवर ‘खास’ असं भरतकाम केलेलं. बाकीच्यांच्या एप्रनवर त्यांची नावं होती.

माझी चूल दारात, काचेच्या आड, येणाऱ्याला आधी दिसेल अशी. मी रोटी करायची, घडी घालायची, बाजूच्या निळ्या टबात ठेवायची. टब भरला की कुणीतरी उचलून आत न्यायचं. तिथून पानात वाढतात, असं ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला सांगितलेलं मी खरं मानते. मला दुसरं जमत नाही.

आतल्या बाजूला, टिनाच्या आडोशामागे, अजून एक चूल होती. तिथे सुमनबाई बसायची. ती स्टाफची रोटी करते, असंही मला सांगितलं होतं. मी कधी स्टाफमध्ये जेवले नाही. माझा डबा असायचा, वरण-भात. त्यामुळे स्टाफ काय खातो ते मी कधी पाहिलं नाही.

शशिकला दारात हात जोडून उभी राहायची. तिचं तेवढंच काम. तिला टाळ्या आवडायच्या. टाळ्या झाल्या की ती कमरेत वाकून नमस्कार करायची आणि लोक तिच्यासोबत फोटो काढायचे. मला तिचा राग यायचा. वाटायचं, ही आहे म्हणून टाळ्या आहेत. पण पंगत संपली की ती माझ्याजवळ येऊन बसायची आणि विचारायची, “कांदा चिरू का? मले येते.” तिला खरंच येत होतं, घरी तीच चिरायची. ताई म्हणायच्या, “नको गं बेबी, हाताला लागेल.”

राहिला एक माणूस. युसूफभाई. चंद्रपूरचे, भोजनालयाचे मुख्य आचारी. लग्नाच्या पन्नास-पन्नास डेगा उतरवलेला माणूस. सबंध भोजनालयात मला एकटे तेच ओरडायचे, आणि तेही ताई नसताना. जाता जाता माझ्या टबातली एक रोटी उचलायचे, किनार मोडून तोंडात घालायचे.

“ये क्या है? किनार कच्ची हाय. मडका ठंडा पडला तरी तू रोटी टाकून राह्यली. लक्ष कुठी हाय तुहं?”

मला फार बरं वाटायचं. तुम्हाला हसू येईल. पण बघा, सगळ्या बायांना ते ओरडायचे. सुमनबाईला, भांडेवालीला. आणि मलाही. त्यांच्या ओरडण्यात मी त्या सगळ्यांच्या रांगेत होते. दुसऱ्या दिवशी मी मडकं नीट तापवायची. ते परत किनार मोडायचे, काही न बोलता पुढे जायचे. ती माझी टाळी होती. त्याने डोकं दुखत नव्हतं.

वर्षभर असं चाललं. मग तो वाघ न दिसलेल्या माणसाचा दिवस आला.

टाळ्या झाल्या, मंडळी पंगतीला बसली. त्याच दिवशी वाढपी कमी होते. ताई घाईत मला म्हणाल्या, “पाण्याचा जग तेवढा त्या टेबलावर ठेवून ये गं.” मी वर्षभरात पहिल्यांदाच पंगतीत गेले. जग ठेवला. त्याच माणसाचं टेबल. त्याच्या पानात रोटी होती, अर्ध्यावर अर्धी, पातळ कड बाहेर. वाळलेली.

ती माझी नव्हती.

मला वाटलं, एखादी स्टाफची चुकून आली असेल. शेजारचं पान बघितलं. अर्ध्यावर अर्धी. त्याच्या बायकोचं पान, तेच. मी पुढच्या टेबलाकडे गेले. मग त्याच्या पुढच्या. लोक माझ्याकडे बघत होते, कारण मी त्यांच्या पानात वाकून वाकून बघत होते. एकाने मोबाईल काढला. मला थांबता येईना. मी सगळी पानं बघितली. एकाही पानात माझी घडी नव्हती.

टब तर रिकामा होत होता. रोज होत होता. मग रोट्या जात कुठे होत्या?

मी मागच्या दाराने बाहेर गेले. तिथे भिंतीला लागून एक सिमेंटची गव्हाण आहे. शेजारचा दूधवाला दुपारी आपल्या म्हशी तिथे आणतो, हे मला माहीत होतं, वास यायचा. गव्हाणीत माझा निळा टब पालथा पडला होता आणि त्याखाली माझ्या रोट्या. गरम. पातळ कड आत, जाड कड वर. मायची घडी. एक म्हैस पाचसहा रोट्या एकदम ओढत होती. घडी उलगडत होती आणि ती चघळत होती.

मी किती वेळ उभी होते ते माहीत नाही. मी मोजलं असतं, मला मोजायची सवय आहे, पण त्या दिवशी नाही मोजलं. सबंध वर्ष, आपट आणि ओढ, सबंध वर्ष. लोकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या आणि सुमनबाईच्या रोट्या खाल्ल्या. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे मी लहानपणापासून ऐकत होते. मी दाखवायचा दात होते.

युसूफभाई मागे येऊन उभे राहिले.

मी विचारलं, “माही रोटी कोन खाते?”

त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं.

“तुमाले मालूम होतं?”

“होतं,” ते म्हणाले. “तीन डाव सांगतलं म्या ताईले. का आता पोरीचा हात बसला, पानात जाऊ द्या. म्हूनच तं टोकत होतो तुले. म्हटलं, येक बी खोट नाई राह्यली पायजे. तं ते म्हनते, लोकाइले घिन येते.”

“कायची घिन?”

ते खाली बघू लागले. मी परत विचारलं. मी प्रश्न अर्धा सोडत नाही. मग ते हळूच म्हणाले, “तुही. अन् बेबीची.”

मी मनगट चावलं. रक्त आलं. ताई धावत आल्या, मागून दोन वाढपी. ताई म्हणाल्या, “अटॅक आला का हिला? पाणी द्या!” मी त्यांना तेच विचारलं. माझी रोटी कोण खातं. त्यांनी मला हाताला धरून बसवलं. मला धरलेलं चालत नाही हे त्यांना माहीत होतं. आवाज एकदम मऊ केला.

“अगं, ऐक. सुरुवातीला एकीने विचारलं होतं, हिचं हे दुसऱ्याला लागत तर नाही ना? एकाने ताट सोडलं. लोक पैसे देऊन जेवतात गं, त्यांना मी काय सांगू? आणि अन्न वाया थोडंच जातंय? मुक्या जनावराच्या मुखी पडतंय, पुण्यच आहे. तुला काय कमी आहे? पगार मिळतो, मान मिळतो, टाळ्या मिळतात. तू खूश होतीस ना?”

“मी खूश नव्हती,” मी म्हणाले. “डोकं दुखत होतं.”

त्यांना ते समजलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, या बाईला खरंच वाटतंय की तिने माझं भलं केलं. त्या क्षणी मला तिची जास्त भीती वाटली.

घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, “काम नोको सोडू. दुसरं कोन देनार हाय तुले?” बाबा खोटं बोलत नव्हते. माय चुलीपुढे होती. तिने एवढंच विचारलं, “कनीक कशी होती?”

“चांगली होती.”

“ताण होता?”

“होता.”

मायने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. मग म्हणाली, “दोन वर्स मारलं म्या तुले, हात बसावा म्हून. म्हशीसाठी नोयतं मारलं.”

पुढच्या रविवारी भोजनालयात सत्कार होता. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष येणार होते, ताईंना शाल-श्रीफळ देणार होते. खास मुलांना रोजगार दिला म्हणून. ताईंनी निरोप पाठवला, झालं गेलं विसरून ये, तुझ्याशिवाय कार्यक्रम कसा होईल. मी गेले. बाबांना वाटलं, पोरगी शहाणी झाली.

मांडव घातला होता. खुर्च्यांना पांढरी कापडं. अध्यक्ष पुढच्या टेबलावर, पुढ्यात भाजी-रस्सा वाढलेलं चांदीच्या रंगाचं ताट. भाषण झालं. ताई म्हणाल्या, “ही मुलं म्हणजे देवाची लेकरं.” शशिकलाने कमरेत वाकून नमस्कार केला. मग ताई म्हणाल्या, “आता आपली गुणी मुलगी रोटी करून दाखवेल.”

मी मडकं नीट तापवलं. गोळा हातावर घेतला, झुलवला, टाकला. रोटी निघाली, फाटली नाही. घडी घातली. पातळ कड आत. बाजूला निळा टब ठेवला होता. मी टबात टाकली नाही. तीच रोटी हातात घेऊन काचेच्या आडून बाहेर आले, सरळ चालत गेले आणि अध्यक्षांच्या ताटात ठेवली.

“खा,” मी म्हणाले.

ते हसले. लहान मुलाने मातीचा लाडू आणून दिल्यावर हसतात तसं. मग त्यांनी ताईंकडे बघितलं. ताईंचा चेहरा उतरला होता. अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मागून सगळ्यांनी.

माझ्या कानात त्या दिवशी कापूस नव्हता. मी मुद्दाम घातला नव्हता.

“टाळ्या नोका वाजवू,” मी ओरडले. मला आवाज लहान-मोठा करता येत नाही, एकदम मोठाच निघतो. “टाळ्या नोका वाजवू. खा.”

टाळ्या थांबल्या. अध्यक्षांनी रोटीकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, माझ्या मनगटावरच्या दातांच्या खुणेकडे बघितलं. मग उजव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी ताट सरकवलं. फार नाही, चार बोटं. एका बोटाने, म्हणजे बाकीची चार खराब होऊ नयेत.

ते बोट मी विसरणार नाही. लाल रिबीन विसरले असेन एखादवेळी, ते बोट नाही.

“मी करते रोज,” मी म्हणाले, “अन् म्हशी खातात. मांगं गव्हान हाय, जाऊन पाहा. तुमच्या पानात सुमनबाईची रोटी पडते.”

ताई माईक घेऊन म्हणाल्या, “हिला आज बरं नाहीये, आपण समजून घेऊ या.” दोन वाढपी माझ्याकडे निघाले. युसूफभाई मध्ये उभे राहिले. वाढपी थांबले.

आणि तेव्हा शशिकला दारातून निघाली. जोडलेले हात तिने सोडले. डुलत डुलत आली, अध्यक्षांच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली, बसली. ताट आपल्याकडे घेतलं. रोटीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, खाल्ला. सगळे बघत होते. तिला घाई नव्हती. दुसरा तुकडा, तिसरा. पूर्ण रोटी संपवली. बोटं चाटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

“मीठ कमी हाये.”

कुणीतरी हसलं. मी नाही हसले. खरंच कमी होतं. सकाळपासून डोक्यात एकच गोष्ट होती, ही रोटी त्यांच्या ताटात ठेवायची, आणि त्या नादात कणकीत मीठ घालायचं मी विसरले होते. वर्षभरात पाहुण्याच्या खुर्चीवर बसून माझी रोटी खाणारी ती पहिली. आणि तिने टाळी नाही वाजवली. तिने चूक दाखवली.

मी एप्रन काढला. ‘खास’ लिहिलेली बाजू वर येईल अशी घडी घातली, ताईंच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले.

त्यानंतरचं गोड नाही. ताईंनी गावात सांगितलं, हिला झटका आला, मारायला धावली. गावाने ते लगेच मानलं. माझ्याबद्दल असं काही ऐकायला गाव कधीचं टपून बसलेलं. मायबरोबर एका लग्नाला गेले तर यजमान मायला म्हणाले, “बाई, तुम्ही करा, हिले मांगं बसवा. पाव्हने काय म्हनतीन?” माय परात उचलून परत आली. त्या दिवसाचं काम गेलं. आता मायला बोलावणीही कमी येतात. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. युसूफभाईंनी काम सोडलं नाही, त्यांच्यामागे घर आहे, मी त्यांना काही म्हणत नाही. शशिकला अजून तिथेच आहे. तिचा भाऊ तिला सोडायला येतो. आता तिला दारातून हलायला मनाई आहे. बोर्डही तसाच आहे. शालीचा फोटो फ्रेम करून गल्ल्यामागे लावला आहे म्हणतात.

मागच्या आठवड्यात ताईंनी माणूस पाठवला. परत ये, सगळं माफ. मी निरोप दिला, येते. माझ्या तीन गोष्टी आहेत. माझी रोटी पानात गेली पाहिजे. जळली तर मला सगळ्यांसारखं ओरडलं पाहिजे. घंटा आणि टाळ्या बंद झाल्या पाहिजेत. आणि शशिकलाला कांदा चिरायला द्या, ही चौथी. माणूस गेला तो परत आला नाही.

ठीक आहे.

मायचं जुनं मडकं मी घासून ठेवलं आहे. तीन विटा आहेत. भोजनालयाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या या बाजूला, मोहाच्या झाडाखाली जागा आहे. ती कुणाची नाही, मी तलाठ्याला विचारलं, तीनदा विचारलं. रविवारी सकाळच्या सफारीच्या जिप्स्या परत येतील तेव्हा मी तिथे बसलेली असेन. काचेच्या आड नाही. शशिकला दारात उभी असेल, तिला मी दिसेन, मला ती दिसेल. तिला रस्ता ओलांडून यावंसं वाटलं तर म्हणून तिच्यासाठी सुरी आणि कांदे मी सोबत घेऊन जाणार आहे.

कुणी थांबेल, कुणी थांबणार नाही. पहिल्या दिवशी बहुतेक कुणीच नाही. मी करत राहणार. पोलीस आले तरी करत राहणार, ताई रडल्या तरी करत राहणार. माझी रोटी म्हशीच्या पुढ्यात आता पडणार नाही.

बोर्ड लावणार नाही. माझ्या अंगावर काही लिहिलेलं नसेल. ज्याला किळस येते त्याने पुढे जावं, पण बोटाने सरकवलं तर मी ते बोट धरून विचारणार आहे. कच्ची असेल तर तोंडावर सांगा. मीठ कमी असेल तर ओरडा. टाळ्या वाजवायच्या असतील तर रस्ता ओलांडून पलीकडे जा.

इथे फक्त खायचं.